मंडपातला क्यूआर कोड आणि यादीतलं नाव: मंडळं, सोसायट्या आणि पक्षशाखांना खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकर्ते, गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव, बचतगटांच्या ताई, कॉलेजांतले एनएसएसचे स्वयंसेवक आणि सर्व पक्षांच्या शाखांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मतदार नोंदणीची मोहीम ठरली की पहिलं काम हल्ली ठरलेलंच असतं. फ्लेक्सवर क्यूआर कोड टाकायचा, खाली ‘स्कॅन करा, नाव नोंदवा’ असं लिहायचं आणि तो मंडपाच्या कमानीवर चढवायचा. मोहीम संपल्यावर कोड किती जणांनी स्कॅन केला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्यातून यादीत किती नावं चढली हे तर नाहीच नाही. वर्गणीचा पैसा आणि पोरांची मेहनत अशी वाया जाऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं: कोडमागचा वेबपत्ता तुमच्या स्वतःच्या ताब्यात हवा, त्या पत्त्यावर एकच काम हवं, आणि कोडशेजारी अर्ज समजावून सांगणारा माणूस हवा. यातलं एकही जमणार नसेल तर फ्लेक्सचे पैसे वाचवा आणि त्यात अर्जांच्या झेरॉक्स काढा. नावं त्यातून जास्त चढतील.

आधी अर्जांबद्दल, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. १ ऑगस्ट २०२२ पासून नियम बदलले आहेत. अर्ज ६ आता फक्त नव्या मतदारासाठी आहे, म्हणजे ज्याचं नाव देशातल्या कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी. घर बदललं, मतदारसंघ बदलला, नावात किंवा जन्मतारखेत चूक आहे, ओळखपत्र हरवलं, अपंगत्वाची नोंद करायची आहे, या सगळ्याला अर्ज ८. पूर्वीचा ८अ रद्द झाला. नाव वगळायला किंवा कुणाच्या नावावर हरकत घ्यायला अर्ज ७. आपल्या फ्लेक्सवरचा कोड मात्र सरसकट अर्ज ६ वर नेतो. साताऱ्याहून पिंपरीत राहायला आलेला मुलगा तो भरतो. साताऱ्याच्या यादीत त्याचं नाव आधीपासून असतं, पण अर्जातल्या घोषणेत ‘मी पहिल्यांदाच अर्ज करत आहे, माझं नाव इतर कुठल्याही मतदारसंघात नाही’ यावर तो टिक करून मोकळा होतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० ची कलमं १७ आणि १८ सांगतात की कोणाचंही नाव दोन ठिकाणी असता कामा नये, आणि कलम ३१ प्रमाणे खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाची लबाडी नसते, त्याला कोणी विचारलेलंच नसतं. त्यामुळे कोड स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या पानावर पहिला प्रश्न हवा: ‘तुमचं नाव याआधी कुठल्याही गावाच्या किंवा शहराच्या मतदार यादीत होतं का?’ ‘हो’ म्हटलं की अर्ज ८, ‘नाही’ म्हटलं की अर्ज ६, ‘माहीत नाही’ म्हटलं की नाव शोधायचं पान. एवढ्या एका प्रश्नाने दुबार नावांचा निम्मा घोळ टेबलावर येण्याआधीच मिटतो.

नाव शोधताना ओळखपत्राचा क्रमांक, म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे, हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. नावावरून शोधलं तर ‘दीक्षित’ आणि ‘दिक्षित’ यांत माणूस हरवतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचं नाव माहेरच्या आडनावाने आणि माहेरच्या गावात शोधायला सांगा. ते सापडलं तर अर्ज ८ भरायचा, ६ नाही.

आता तारखा. पात्रतेच्या तारखा वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या दिवशी १८ पूर्ण होणाऱ्याचं नाव चढू शकतं आणि १७ पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. म्हणून बारावीचे वर्ग आणि कॉलेजचं पहिलं वर्ष ही कोडसाठी उत्तम जागा. पण महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत एक मेख आहे, आणि ती विसरल्याने मोहिमाच्या मोहिमा फुकट जातात. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची धरतो आणि ती प्रभागांत विभागतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्या वर्षीच्या गणपतीत नोंदवलेलं नवं नाव विधानसभेच्या यादीत गेलं, पण महापालिकेच्या मतदानाला ते कामी आलं नाही. मंडपात उभं राहून ‘नोंदवा, जानेवारीत मत द्या’ असं सांगितलं असेल तर ती लोकांची फसवणूक झाली, नकळत का होईना. अशी मोहीम निवडणुकीआधी सहा-आठ महिने घ्यायची असते. विधानसभा आणि लोकसभेला जरा उशीर चालतो, पण तिथेही उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही. पडताळणी आणि हरकतींच्या मुदतीचे दिवस धरून चाला.

याच कारणासाठी कोडमागचा पत्ता स्वतःचा हवा. सरकारी पोर्टलचा दुवा थेट कोडमध्ये भरू नका. एनव्हीएसपी नावाचं जुनं पोर्टल गेलं, त्याच्या जागी मतदार सेवा पोर्टल आलं. व्होटर हेल्पलाइन ॲप सगळ्यांच्या तोंडी बसतंय न बसतंय तोच निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये ईसीआयनेट जाहीर केलं आणि चाळीसहून अधिक ॲप आणि संकेतस्थळं त्यात एकत्र आणायचं ठरवलं. त्याच वर्षी बिहारमध्ये मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, आणि नोव्हेंबरपासून गोव्यासह १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत ते सुरू झालं. तिथे घरोघरी वेगळाच गणना अर्ज भरून घेतला गेला. अशा वेळी गेल्या वर्षी छापलेला कोड लोकांना चुकीच्या अर्जावर नेतो आणि भिंतीवर तसाच राहतो. छापील कोड बदलता येत नाही, त्यामागचं पान बदलता येतं, पण पत्ता आपला असेल तरच.

पत्ता आपला म्हणजे काय? मंडळाने किंवा दहा मंडळांनी मिळून घेतलेलं एक डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव. त्याचा वर्षाचा खर्च बहुधा हजार रुपयांच्या आत बसतो. त्यावर प्रत्येक जागेसाठी एक छोटा पत्ता करायचा: मंडपाचा म१, शाळेच्या फाटकाचा श१, सोसायटीच्या नोटीस बोर्डाचा स१, अर्थात इंग्रजी अक्षरांत. हे सगळे पत्ते एकाच पानावर वळवायचे. वळवताना ‘तात्पुरतं’ म्हणजे ३०२ प्रकारचं वळण ठेवा. ३०१ म्हणजे ‘कायमचं’ ठेवलं तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि तुम्ही पान बदललं तरी जुन्या स्कॅनवाल्याला जुनंच पान दिसत राहतं. डोमेनच्या चाव्या दोघांकडे असू द्या आणि नूतनीकरणाची तारीख मंडळाच्या वहीत लिहा. डोमेन हातचं गेलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं, तर तुमच्या नावाने छापलेले कोड लोकांना कुठे नेतील याचा भरवसा नाही.

‘फुकट डायनॅमिक क्यूआर’ देणारी संकेतस्थळं या कामाला वापरू नका. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चाचणीची मुदत संपली की कोड बंद पडतो आणि पैसे मागणारं पान उघडतं, तेही मोहीम ऐन रंगात असताना. मोठ्या कंपनीचा छोटा दुवाही कायमचा धरू नये. गूगलने स्वतःची दुवे आखूड करायची सेवा २०१९ मध्ये बंद केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वापरात नसलेले जुने दुवे निकामी केले.

पत्ता आखूड ठेवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते छपाईवाल्याच्या टेबलावर कळतं. क्यूआर कोडमध्ये जेवढी अक्षरं जास्त, तेवढे चौकोन जास्त. सर्वात लहान कोड २१ × २१ चौकोनांचा, पुढची प्रत्येक पायरी चार-चार चौकोनांनी वाढते आणि १७७ × १७७ ला संपते. गूगल फॉर्मचा पूर्ण दुवा शंभराहून अधिक अक्षरांचा असतो. मध्यम दुरुस्ती क्षमतेवर (ती काय असते, ते पुढच्या परिच्छेदात) त्याचा कोड ४५ × ४५ चा होतो. तोच ३२ अक्षरांच्या आतला आपला पत्ता घेतला तर त्याहून वरची दुरुस्ती क्षमता ठेवूनही २९ × २९ मध्ये बसतो. पत्रकावर तीन सेंटिमीटरचा कोड छापला आणि चारी बाजूंची मोकळी जागा त्यातच धरली, तर पहिल्यात एक चौकोन अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा येतो, दुसऱ्यात ०.८ मिलिमीटर. स्वस्त कागदावर शाई पसरते तेव्हा हाच फरक कोड वाचला जाणं आणि न जाणं यातला असतो. पत्त्यात मराठी अक्षरं घालायचा मोह आवरा. एक देवनागरी अक्षर दुव्यात नऊ इंग्रजी चिन्हांचं होतं. ‘मतदार’ एवढा शब्द काना धरून ४५ चिन्हं खातो. मराठी कोडच्या वर आणि खाली मोठ्या ठळक अक्षरांत लिहा, तिथे ती हवीच.

दुरुस्ती क्षमतेच्या चार पायऱ्या असतात: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. कोडचा तेवढा भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. उघड्यावर लावायच्या कोडला २५ टक्क्यांची ठेवा, कारण पाऊस, धूळ आणि फाटलेला कोपरा हे गृहीतच आहेत. मधोमध मंडळाचा लोगो घातला की ही क्षमता तुम्ही स्वतःच आधी खर्च करता. लोगो कोडच्या बाहेर, वर ठेवा.

छपाईत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. कोडभोवती चार चौकोनांएवढी पांढरी मोकळी जागा लागतेच. डीटीपीवाले नेमकी तिथेच झेंडूची माळ किंवा लाल चौकट आणून भिडवतात. पार्श्वभूमी पांढरी आणि कोड काळा, बस्स. भगवा, निळा, हिरवा, पिवळा असे पक्षांचे रंग कोडला देऊ नका. पिवळ्यावर पांढरा तर कुठलाच फोन वाचणार नाही, आणि काळ्यावर पांढरा असा उलटा कोड बरेच जुने फोन नाकारतात. फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला कोड दाबला जातो, कडा धूसर होतात, आणि फ्लेक्सवर ताणला की चौकोन पुसट होतात. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ऑपरेटरला बजावून सांगा की कोड एका बाजूने ताणायचा नाही. जागेत बसवण्यासाठी तो आडवा फाकवतात, आणि असा फाकलेला कोड काही फोन घेतात, काही नाही.

आकाराचा हिशोब सोपा: माणूस जितक्या अंतरावरून स्कॅन करणार, त्याच्या एक दशांश कोड. नोटीस बोर्डासमोर माणूस सव्वा-दीड मीटरवर उभा असतो, तिथे १२ ते १५ सेंटिमीटर. रांगेतून तीन मीटरवरून वाचायचा असेल तर ३० सेंटिमीटर. पत्रकावर दोनपेक्षा कमी नको, तीन उत्तम. कमानीवर पंधरा फुटांवर लावलेल्या कोडला हिशोबाने जवळजवळ अर्धा मीटर लागतो, आणि तरी माणसाला मान वर करून गर्दीत थांबावं लागतं, मागून लोटालोट. तिथे लावूच नका. रिक्षाच्या पाठीवरचा कोडही तसाच. रिक्षा चालू असते. कोड छातीच्या उंचीवर, सपाट सनबोर्डवर, मॅट लॅमिनेशन करून लावा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पट्टी दिसते आणि कोडचा मधला भाग गायब होतो. सुरकुतलेला फ्लेक्स, गोल खांबाला गुंडाळलेला कागद, वर्तमानपत्राच्या घडीवर आलेला कोड, हे तिन्ही टाळा. लिफ्टच्या आत लावू नका, तिथे रेंज नसते. लिफ्टबाहेर, जिथे लोक वाट बघत उभे असतात, तिथे लावा.

एक चाचणी न चुकता करा. सगळी छपाई होण्याआधी त्याच मशीनवर एक प्रत काढून घ्या आणि ती पाच वेगवेगळ्या फोनवर तपासा. त्यातला एक स्वस्तातला जुना अँड्रॉइड असू द्या, एकाची काच ओरखडे पडलेली. दुपारच्या उन्हात बघा, रात्री मंडपातल्या दिव्यांखालीही बघा. पैसे द्यायचे ते यानंतर.

आणि हे लक्षात घ्या की आपल्याकडे क्यूआर कोड म्हटलं की लोकांना पैसे भरणं आठवतं. भाजीवाल्यापासून दानपेटीपर्यंत सगळीकडे तोच दिसतो. मतदार नोंदणीचा कोड बघून आजोबा दोन गोष्टी करतात: एकतर ‘पैसे मागतायत’ म्हणून पुढे जातात, नाहीतर पैसे भरायचं ॲप उघडून त्यातून स्कॅन करतात, आणि ते ॲप ‘हा कोड चालत नाही’ म्हणतं. म्हणून कोडच्या वर पहिली ओळ अशी हवी: ‘पैसे नाहीत. फक्त मतदार यादीत नाव बघा.’ दुसरी ओळ: ‘फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा.’ जुन्या फोनचा कॅमेरा कोड ओळखत नसेल तर गूगल लेन्स चालतं, हे टेबलावरच्या पोराला माहीत हवं. वर्गणीचा यूपीआय कोड नोंदणीच्या कोडच्या आसपाससुद्धा नको. निदान वेगळ्या भिंतीवर लावा. कोडखाली तोच पत्ता अक्षरांत छापा, म्हणजे स्कॅन न करणाऱ्याला टाइप करता येईल आणि उघडलेलं पान तेच आहे ना हे बघता येईल. त्याखाली १९५० हा मतदार मदत क्रमांक द्या. साध्या फोनवाल्याला तो तेवढाच उपयोगी.

कोडवर कोड चिकटवण्याची फसवणूकही होते. रोज सकाळी एकाने प्रत्येक कोडवरून बोट फिरवायचं. चिकटवलेला स्टिकर हाताला लागतो. मग स्कॅन करून पान बघायचं.

पानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मराठीत, शंभर केबीच्या आत, फोटो नकोत, नेत्यांचे तर नकोतच. तो एक प्रश्न, तीन मोठी बटणं, लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, आणि फोन लावायचं एक बटण. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट यातलं एक. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार यातलं एक. भाडेकरूंचं घोडं नेहमी इथेच अडतं: वीजबिल मालकाच्या नावाचं आणि भाडेकरार साध्या स्टँप पेपरवरचा. हे आधी सांगितलं तर माणूस टेबलावरून रिकाम्या हाताने परत जात नाही.

रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा जगाला कळली. त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडकडे नीट पाहा: कोड धड्याच्या पानावर असतो आणि त्या धड्यापुरतंच काही उघडतो. मंडळाचं फेसबुक पान, आरतीचा व्हिडिओ, रक्तदानाचा फॉर्म आणि मतदार नोंदणी एकाच कोडमागे कोंबणाऱ्यांनी यातून घेण्यासारखं आहे. रक्तदानाला दुसरा कोड करा, दुसऱ्या जागी लावा.

टेबलावर दोन माणसं, दोन फोन, एक पॉवर बँक, अर्ज ६ आणि ८ च्या पंचवीस-पंचवीस कोऱ्या प्रती, पेनं, आणि मागे फोटो काढायला पांढरी चादर एवढं असलं की काम चालतं. सोसायटीत संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. दिवसा घरात मोजकीच माणसं असतात. मतदाराने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या क्रमांकाने लॉगिन करायचं आणि ओटीपी स्वतः टाकायचा. कार्यकर्त्याने ओटीपी विचारायचा नाही आणि स्वतःच्या क्रमांकावरून दहाजणांचे अर्जही भरायचे नाहीत. कारण मग अर्जाची पुढची माहिती कार्यकर्त्याकडे येते आणि मतदाराला काहीच कळत नाही. कुणाच्या आधारचा फोटो कार्यकर्त्याच्या फोनमध्ये राहता कामा नये. अर्ज जमा झाला की संदर्भ क्रमांक येतो. तो कागदावर लिहून मतदाराच्या हातात द्या, त्याच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा. अर्जांचे गठ्ठे एकदम नेऊन देऊ नका. कुटुंबातल्या माणसांचे सोडले तर ठोक अर्ज स्वीकारले जात नाहीत, आणि पक्षाच्या मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधीलाही दिवसाला दहाच अर्ज देता येतात.

पक्षशाखांशी इथे स्पष्ट बोलायला हवं. नोंदणीच्या कोडमागे आधी नाव, मोबाइल, जात आणि ‘कोणाला मत देणार’ असं विचारणारा फॉर्म लावायचा आणि मग पोर्टलवर सोडायचं, ही रीत बंद करा. माणूस नाव नोंदवायला आला आहे, त्याच्या गरजेचा फायदा घेऊन त्याची माहिती काढून घेणं चूक आहे. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कशासाठी घेतो हे आधी सांगणं, त्यापुरतीच घेणं आणि संमती मागे घेता येणं ही त्याची मूळ तत्त्वं आहेत. अठराच्या आतल्यासाठी पालकांची संमती लागते. सतरा वर्षांच्या मुलांची यादी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. प्रचारासाठी कोड जरूर करा, पण तो वेगळा, त्यावर पक्षाचं नाव ठळक, आणि नंबर द्यायचा की नाही हे स्कॅन करणाऱ्याच्या मर्जीवर.

व्हॉट्सॲप ग्रुपचा दुवा थेट छापू नका. कुणीही शिरतो, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, १०२४ माणसं झाली की ग्रुप भरतो, आणि घुसखोरीला कंटाळून ॲडमिनने दुवा बदलला की छापलेला कोड मेला. माहिती पाठवायची असेल तर चॅनेल बरं. तिथे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चाळीतल्या पाण्याच्या प्रश्नासारखं चर्चेचं काम असेल तर ग्रुप, पण आपल्या पत्त्यावरून वळवलेला आणि ॲडमिनच्या मान्यतेने प्रवेश देणारा. आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडचं चित्र फिरवण्यात काही हशील नाही. ज्याच्या फोनवर ते आलं, तो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने ते कसं स्कॅन करणार? तिथे साधा दुवा पाठवा.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी. निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर असेल तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७अ प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोड छापला म्हणून यातून सुटका नाही. विजेचे खांब, पुलाचे कठडे, सरकारी भिंती यांवर विनापरवाना स्टिकर लावणं हे १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात बसतं. सोसायटीच्या भिंतीसाठीही सचिवांची लेखी परवानगी घ्या. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचाराचा कोड दिसता कामा नये, आदल्या रात्रीच काढा. आणि त्या दिवशी मतदाराने केंद्रात फोन वापरायचा नसतो, म्हणून यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक फोनमध्ये ठेवून चालणार नाही. मतदार माहिती चिठ्ठीवर आयोगाचा क्यूआर कोड असतो, पण दारात कामी येतो तो कागदावरचा अनुक्रमांक. स्कॅन करून मिळालेली माहिती आदल्या दिवशीच चिठ्ठीवर उतरवून घ्यायला सांगा.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनीही कोड लावावा, तो अर्ज ६अ चा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्यांनाच तो भरता येतो, आणि मत द्यायला पासपोर्ट घेऊन पासपोर्टवरच्या पत्त्याच्या केंद्रावर यावं लागतं. हे दोन्ही कोडखाली लिहा, म्हणजे खोट्या आशेने कुणी भरणार नाही.

शेवटी हिशोबाबद्दल. प्रत्येक जागेचा पत्ता वेगळा ठेवला असेल तर कुठल्या कोडवरून किती जण आले हे कळतं. पण स्कॅनचा आकडा वार्षिक अहवालात मिरवू नका. वहीत चार रकाने करा: स्कॅन, टेबलावर आलेले, संदर्भ क्रमांक मिळालेले, यादीत नाव आलेले. पहिल्या आणि दुसऱ्यात मोठी घट असेल तर पान बिघडलेलं आहे किंवा टेबल कोडपासून लांब आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात घट असेल तर कागदपत्रं आधी सांगितली गेलेली नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्यात घट दिसली तर खरं काम तिथून सुरू होतं. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी आले तेव्हा कुलूप होतं का, पत्त्याचा पुरावा नाकारला का, अर्ज ६ की ८ यात गल्लत झाली का, हे मतदाराकडून समजून घ्या. अर्ज फेटाळला असेल तर कारण लेखी मागा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करता येतं, आणि त्यांच्या निर्णयावर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. ही मुदत लोकांना माहीत नसते, म्हणून कोडमागच्या पानावर ‘अर्ज फेटाळला?’ असं आणखी एक बटण आजच जोडा आणि त्यामागे अपिलाचा कोरा नमुना ठेवा.

आपले,
वस्तीपातळीवर मतदार नोंदणीचं काम करणारे कार्यकर्ते